आकाशातील वाट

जळगाव ते मुंबई हे अंतर लोहमार्गाने ४२० किलोमीटर आहे. आगगाडीला मनमाड, नाशिक अशी गावे घेत, कसाऱ्याच्या घाटातून सह्याद्री उतरावा लागतो. विमानाला घाट आडवा येत नाही. दोन्ही शहरांमधील सरळ अंतर सुमारे ३५५ किलोमीटरच भरते. या मार्गावर २०१७ च्या डिसेंबरात विमानसेवा सुरू झाली.

ताशी ५०० किलोमीटर वेगाचे विमान हे अंतर सुमारे ४३ मिनिटांत कापील, असे गणित सांगते. परंतु वेळापत्रकात याहून अधिक वेळ धरतात. विमान धावपट्टीपर्यंत सावकाश जाते, मग उंच चढते आणि उतरण्यापूर्वी वेग कमी करते. कधी धावपट्टी मोकळी होईपर्यंत त्याला आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

धुळ्याच्या प्रवाशाचा हिशेब आणखी निराळा आहे. मुंबई त्याच्या नैर्ऋत्येस आहे. पण जळगावचे विमान गाठण्यासाठी त्याला आधी सुमारे ९० किलोमीटर पूर्वेस जावे लागते. तेथे सामानाच्या तपासणीसाठी थांबावे लागते. तेवढ्या वेळात मोटार त्याला मुंबईच्या वाटेवर बरीच पुढे नेते. म्हणून प्रवासाचा वेळ घराच्या उंबरठ्यापासून मोजावा.