खडूचे गोल आणि सहा फूट

प्रश्न : कोरोनाच्या काळात आमच्या किराणा दुकानाबाहेर खडूचे गोल आखले होते. २०२० च्या दिवाळीनंतर ते कुणीच पाळले नाहीत, तरी दोन-तीन महिने काही झालं नाही. मग त्या अंतराची गरज होती का?

उत्तर : शंका रास्त आहे, फक्त तिच्यात दोन प्रश्न गुंतलेत.

आधी अंतराचं. बोलताना-खोकताना उडणारे मोठे तुषार जड असतात, ते एक-दोन मीटरच्या आत खाली पडतात. सहा फुटांचा हिशेब त्यावरून आला. पण सातव्या फुटाला धोका संपतो असं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना किमान एक मीटर सांगत होती, आपल्याकडे ‘दो गज’. शिवाय बारीक कण उदबत्तीच्या धुरासारखे हवेत रेंगाळतात. उघड्यावर विरतात, बंद खोलीत साचतात. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत समूहगानाच्या तालमीला ६१ जण जमले होते. तालीम अडीच तासांची, आजारी एकच. त्यानंतर ३२ जणांची लागण चाचणीत सिद्ध झाली, आणखी २० जणांची जवळपास नक्की मानली गेली. तिथे खडूचे गोल काय करणार?

आता ‘काही झालं नाही’चं. लागण व्हायला शेजारी उभा असलेला माणूस बाधित असावा लागतो. सप्टेंबर २०२० मध्ये देशात रोज नव्वद हजारांवर रुग्ण सापडत होते, फेब्रुवारीत ते दहा हजारांच्या आसपास आले. साहजिकच गोल मोडणारे बहुतेक जण सुखरूप घरी पोचले आणि आपण उगाच घाबरत होतो, असं प्रत्येकाला वाटलं. १ फेब्रुवारी २०२१ पासून मुंबईची लोकल ठरावीक वेळांत सर्वांना खुली झाली. तिथे सहा फूट म्हणजे विनोदच. त्याच महिन्यात अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला, आणि मेच्या सुरुवातीला देशाचा रोजचा आकडा चार लाखांवर गेला. सगळं खापर ढिलाईवर फोडू नये, जोमाने पसरणारा डेल्टाही होता. पण लागण झाल्यावर लक्षणं दिसायला सरासरी पाच-सहा दिवस जात, आजार बळावायला आणखी आठवडाभर. तोवर ढिलाई अंगवळणी पडलेली असायची.

राहता राहिला ‘आपलीच माणसं’ हा गैरसमज. दुकानात अनोळखी गिऱ्हाइकापासून लांब सरकणारे आपण साखरपुड्यात मामेभावाला खुशाल मिठी मारत होतो. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग देऊ शकत होता, तेव्हा भाऊ ठणठणीत दिसतोय यात काही हमी नव्हती. तुमच्या वाण्याकडचं काम उघड्यावरचं, दोन मिनिटांचं. मला त्याहून खिडक्या लावून एसीत बसलेल्या पंगतीची धास्ती जास्त असे.