अदृश्य सेवक

वाशिम जिल्ह्यातील मेडशी हे गाव अकोला–वाशिम मार्गावर वसलेले आहे. पावसाची सर येऊन गेली, की अशा रहदारीच्या रस्त्याकडेच्या डबक्यांवर कधी कधी इंद्रधनुष्याचे रंग तरळू लागतात. मुलांना त्यांची मोठी मौज वाटते. परंतु ते रंग वाहनांतून ठिबकलेल्या तेलाचे असतात. तेल पाण्याहून हलके असते. म्हणून त्याचा तवंग पाण्यावर पसरतो आणि हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळू देत नाही. मग त्या पाण्यातील जीवांचा कोंडमारा होतो.

डबक्यात जे घडते, तेच समुद्रात घडले तर केवढा अनर्थ ओढवेल! मुंबईने तो 2010 साली अनुभवला. त्या वर्षी 7 ऑगस्ट रोजी मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ व ‘खलिजिया-3’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’ एका बाजूस कलंडले आणि सुमारे 800 टन तेल समुद्रात सांडले. लाटांबरोबर ते रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. तेथील खारफुटीची कित्येक झाडे चिखलातून वर आलेल्या मुळांनी श्वास घेतात. ती मुळेच काळ्या, चिकट तेलाने माखली. वाळूवरचे तेल फावड्याने उचलता येते. पण मुळांच्या जाळ्यात शिरलेले तेल कोण काढणार?

हे काम करणारे सेवक निसर्गातच आहेत. ते म्हणजे जीवाणू. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. पण त्यांच्या काही जाती तेलावरच जगतात. त्यांनी तेल पचवले, म्हणजे त्याचे हळूहळू पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड वायू यांत रूपांतर होते. दिल्लीच्या ‘टेरी’ या संशोधनसंस्थेने अशा पाच प्रकारच्या जीवाणूंचे मिश्रण सिद्ध केले. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांचा भुगा करून त्यात हे जीवाणू मिसळतात. या मिश्रणाचे नाव ‘ऑइलझॅपर’. मुंबईच्या दुर्घटनेनंतर किनाऱ्यावरील तेल नाहीसे करण्याच्या कामी त्याचा उपयोग करण्यात आला.

परंतु जीवाणूंनाही हवा हवी, आसरा हवा. तो पाणथळ जागी वाढणाऱ्या वनस्पती देतात. पाणकणीस, नळ यांच्या दांड्यांत पोकळ वाटा असतात. त्यांतून हवा मुळांपर्यंत उतरते आणि मुळांच्या झुबक्यांत जीवाणू सुखाने नांदतात. वनस्पती घर देते; जीवाणू तेल खातात. पाकिस्तानातील पंजाब प्रांतात चकवाल येथे तेलविहिरींच्या सांडपाण्याचे एक तळे होते. शास्त्रज्ञांनी त्यावर तराफे तरंगत ठेवून अशा वनस्पती लावल्या व तेलभक्षक जीवाणूही सोडले. 18 महिन्यांत पाण्यातील तेलाचा अंश शेकडा 99 ने घटला, असे त्यांनी 2019 साली प्रसिद्ध केले.

मात्र हे सेवक सावकाश काम करतात. तेल क्षणात सांडते. ते निघण्यास महिनोन्‌महिने लागतात. म्हणून वाहनातले जुने तेल ओढ्यात वा गटारात न ओतणे हीच पाण्याची पहिली सेवा होय. ओढ्याकाठचे पाणकणीसही निरुपयोगी तण नव्हे. त्याच्या मुळांशी न दिसणारे कितीतरी सेवक राबत असतात.

प्रश्न
1. तेलाच्या तवंगामुळे पाण्यातील जीवांचा कोंडमारा का होतो?
2. वनस्पती व जीवाणू एकमेकांस पूरक कसे ठरतात?
3. कारण सांगा : तेल सांडू न देणे हीच पाण्याची पहिली सेवा होय.