उंचीचा जमाखर्च

चि. बाळ,

कडक उन्हापासून जपावीत म्हणून ओसरीच्या कोपऱ्यात खोक्यात ठेवलेली टोमॅटोची व मिरचीची रोपे पंधरवड्यातच भराभर उंच झाली, याचा तुला मोठा हर्ष झालेला दिसतो. परंतु 'पाने मात्र बारीक व पिवळट आहेत, काही रोपे आडवी झाली' असे जे तू पत्राच्या तळाशी सहज लिहून गेलास, तेच या प्रकरणातील खरे वर्तमान होय. आडवी झाली तीही उजेड येतो त्या दाराच्या दिशेनेच झुकली असतील, पाहा.

नवरात्रात घटाभोवतीचे धान देवघराच्या अंधारात कसे लांबसडक व पिवळे येते, हे तू दरसाल पाहतोस. दसऱ्यास टोपीत खोवायला तो तुरा शोभिवंत खरा, पण शेतात लावायला तो कोणी नेत नाही. अंधारात रुजलेला अंकुर आपण अद्याप मातीखालीच आहोत अशा समजुतीने वागतो, आणि पान रुंद करणे, खोड भरणे ही कामे तहकूब ठेवून सारे सामर्थ्य लांबी वाढविण्यात वेचतो. मातीखाली हेच धोरण शहाणपणाचे असते, तेव्हा दोष त्याचा नव्हे, खोके अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवणाराचा. हरितद्रव्याची पूर्वतयारी त्याच्यापाशी असते, परंतु तिच्यावरील अखेरचा संस्कार प्रकाशावाचून होत नाही. आणि हरितद्रव्य नाही तोवर अन्नाची नवी प्राप्ती नाही. असे निव्वळ अंधारात वाढलेले रोप वाळवून तोलले, तर ज्या बीतून ते निघाले तिच्याहूनही हलके भरते. ती सारी उंची मुद्दल खाऊन आणलेली असते. तुझ्या ओसरीत थोडा उजेड पोचतो, म्हणून रोपे तगली इतकेच.

तेव्हा खत घालण्याची व दोन वेळा पाणी देण्याची जी तजवीज तू केली आहेस, ती ताबडतोब रहित कर. त्याने रोपे अधिकच लुसलुशीत होऊन बुंध्याशी कुजतील. मात्र खोके एकदम दुपारच्या उन्हातही नेऊ नकोस, पाने करपतील. आधी सकाळचे कोवळे ऊन तासभर दाखव, मग दररोज थोडे वाढवीत जा. पाने हिरवी होतील. लांबलेले खोड काही आखूड व्हायचे नाही. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडास मुळ्या फुटतात, म्हणून लावताना ती रोपे खोल लावलीस तर निभावेल. मिरचीला ही युक्ती तितकीशी मानवत नाही. तिचे बी परसात उघड्या गादीवाफ्यावर नव्याने टाक, आणि विरळ टाक, कारण दाटी झाली की भर उन्हातही रोपे एकमेकांच्या सावलीत अशीच लांबतात.

तीर्थरूप वहिनींस साष्टांग नमस्कार.

तुझा,
काका