मासिक पाळीतील पोटदुखी आणि मुलींचा आहार

आपली वयात आलेली मुलगी दर महिन्याला एक-दोन दिवस शाळा बुडवून पोट धरून पडून राहते काय? 'बाईच्या जातीला हे सोसावेच लागते' असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नका.

पोट का दुखते?

पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते व ओटीपोटात कळा येतात. ही द्रव्ये जास्त झाल्यास कळा वाढतात, मळमळ व जुलाबही होतात. शरीर ती स्निग्ध पदार्थांपासून बनवते, म्हणून आहाराकडे लक्ष देणे योग्य ठरते. अमेरिकेत 33 स्त्रियांवर केलेल्या व 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कमी स्निग्धांशाच्या शाकाहाराने दुखण्याची तीव्रता व कालावधी कमी झाल्याचे आढळले.

आहारात काय बदल करावा?

1. मुलीने सकाळची न्याहारी चुकवू नये. नुसत्या चहावर शाळेत जाऊ नये. भाकरी-भाजी किंवा नाचणीची आंबील घ्यावी.

2. जेवणात रोज एक-दोन चमचे जवसाची चटणी असावी. जवसात ओमेगा-3 स्निग्धाम्ले असतात. मासे खाणाऱ्यांनी बांगडा, तारली खावी.

3. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, दूध, ताक द्यावे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते.

4. बाजरी, हळीव, पालेभाज्या व मोड आलेली कडधान्ये लिंबू पिळून खावीत. जेवणाबरोबर चहा टाळावा. लोहाने कळा थांबत नाहीत, पण रक्तस्रावाने होणारी झीज भरून निघते. 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला.

5. पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत 1 ते 2 ग्रॅम सुंठपूड दिवसभरात विभागून कोमट पाण्यातून घ्यावी. काहींना आराम पडतो.

6. फरसाण, वेफर्स, शीतपेये कमी करावीत.

पाळीत मुलीला वेगळे बसवून शिळे-उरलेले देऊ नये. ताजे, गरम अन्न द्यावे. हे बदल महिनाभर, रोज पाळावेत व दोन-तीन पाळ्यांपर्यंत फरक पाहावा. तारखा दिनदर्शिकेवर नोंदवाव्यात.

तरीही शाळा बुडत असेल, दुखणे वाढत असेल, अंगावरून फार जात असेल किंवा पाळीव्यतिरिक्तही दुखत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावे. आहार हा औषधाला पर्याय नव्हे, जोड आहे.