नाथसागरातील मत्स्यधन : उत्पन्न आणि जपणूक

मत्स्यव्यवसाय म्हटला की कोकणची किनारपट्टी डोळ्यांपुढे उभी राहते. तथापि, सागरापासून दूर असलेल्या मराठवाड्यातही पाण्यावर उपजीविका करणारा समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला आहे. पैठण परिसरात गोदावरीच्या पात्रात जाळे टाकणाऱ्या भोई, कहार आदी समाजांपुढे जायकवाडी धरणामुळे समुद्राची आठवण करून देणारा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. त्यातील मत्स्यधन केवळ आजचे न राहता उद्याचेही कसे राहील, हा प्रश्न किनाऱ्यावरील गावांइतकाच येथील गावांनाही महत्त्वाचा आहे.

जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सुमारे १० किलोमीटर लांबीच्या या मातीच्या धरणामागील जलाशयास संत एकनाथांच्या स्मरणार्थ नाथसागर हे नाव मिळाले. पूर्ण भरला असता त्याचा विस्तार सुमारे ३५,००० हेक्टर होतो.

जलाशय आपोआप भरत नाही

कटला, रोहू व मृगळ हे व्यापारी दृष्ट्या महत्त्वाचे मासे होत. कटल्याची मादी शरीराच्या दर किलो वजनामागे लाखाच्या घरात अंडी देते, हे ऐकून मत्स्यधन अक्षय आहे असा समज होण्याचा संभव आहे. परंतु या जातींची वीण पावसाळ्यात, पुराच्या वाहत्या पाण्यात होते. स्थिर पाण्यात ती सहसा होत नाही. यास्तव जलाशयात दरवर्षी मत्स्यबीज सोडावे लागते. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १९५७ मध्ये ओडिशात या जातींच्या माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून बीजासाठी केवळ नदीवर विसंबून राहण्याची गरज उरली नाही. तलावात सोडण्याचे बीज बोटुकलीच्या आकाराचे असावे लागते. त्याहून लहान बीज मरळीसारख्या भक्षक माशांच्या तोंडी सहज जाते.

याउलट तिलापिया अर्थात चिलापी हा मासा स्थिर पाण्यातही झपाट्याने वाढतो. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या या माशाने अनेक जलाशयांत स्थानिक जातींच्या अन्नात व जागेत वाटा घेतला आहे. बीज सोडताना जातीची खात्री करून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

जाळ्याच्या आसाचे गणित

बारीक आसाच्या जाळ्यात न वाढलेले पिल्लूही अडकते. समजा, २०० ग्रॅम वजनाचे १०० मासे आज धरले, तर २० किलो माल हाती येतो. तेच मासे पाण्यात राहू दिले, त्यांपैकी निम्मे दगावले आणि उरलेले प्रत्येकी एक किलोचे झाले, तरी ५० किलो माल मिळतो. शिवाय मोठ्या माशास दरही अधिक मिळतो. मात्र एका कुटुंबाने संयम पाळला आणि शेजाऱ्याने पाळला नाही, तर पहिल्याचे नुकसान होते. म्हणून हा संयम व्यक्तीचा न राहता सर्व गावांचा नियम व्हावा लागतो.

समुद्रात हाच विचार महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याने स्वीकारला. जाळ्यांवरील निर्बंध आणि यांत्रिक नौकांना पावसाळ्यातील मासेमारी बंदी ही त्याची ठळक अंगे होत. गोड्या पाण्यातही विणीच्या काळात, विशेषतः प्रवरासंगमासारख्या वाहत्या पाण्याच्या ठिकाणी, जाळी आवरणे हिताचे असते.

मृतसाठ्याचे मोल

नाथसागराची एकूण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी ७३८ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा होय. सिंचनाच्या हिशेबात मृत असलेले हे पाणी माशांसाठी मात्र जिवंत असते. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळात उपयुक्त साठा संपला, तेव्हा पिण्याच्या पाण्यासाठी मृतसाठ्याचा आधार घ्यावा लागला. पिण्याच्या पाण्यास अग्रक्रम देणे योग्यच आहे; परंतु अशा वर्षी पाणी आटल्याने मासे थोड्या जागेत एकवटतात आणि सहज हाती लागतात. त्या वेळी पकड वाढली म्हणजे उत्पन्न वाढले, असे समजणे चूक होय. ती मुद्दलाची मोड असते.

जलाशय व परिसर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. मासे हे अनेक पाणपक्ष्यांचेही अन्न असल्याने मत्स्यधनाची जपणूक पक्ष्यांच्याही हिताची आहे.

गावाचा वाटा

मच्छिमार सहकारी संस्थांनी सोडलेल्या बीजाची व पकडलेल्या मालाची जात आणि वजनवार नोंद ठेवल्यास मासा वर्षानुवर्षे लहान होत आहे काय, हे वेळीच कळते. ग्रामपंचायतींनी काठावरील गावांच्या संमतीने आसाची किमान मर्यादा ठरवून ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. शिक्षकांनी वरील गणित फळ्यावर मांडावे; मासेमारांच्या मुलांना ते समजण्यास वेळ लागणार नाही. मत्स्य विभागाच्या अधिकाऱ्यांनी बीज सोडताना संस्थेच्या सभासदांसमोर मोजणी करावी.

बियाणे राखून ठेवल्याखेरीज शेतकरी धान्य विकत नाही. नाथसागराच्या काठी जाळे टाकणाऱ्यानेही तोच रिवाज पाळला, तर या पाण्यावर पुढच्या पिढीचाही संसार उभा राहील.