सायंकाळी सातचा भोंगा

मोबाइल आज घरोघरी आहे. अभ्यास, व्यापार, नोकरी, नातेवाइकांची विचारपूस ही सारी कामे त्यावर होतात. पण याच मोबाइलमुळे हातातल्या कामावरून लक्ष उडते, अशी तक्रारही घरोघरी ऐकू येते. लक्ष म्हणजे काय, ते का मोडते आणि ते राखण्यासाठी महाराष्ट्रातील एका गावाने काय केले, याची माहिती या पाठात दिली आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी यंत्रमाग पाहिला असेल. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही शहरे यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहेत. कारखान्यात पाऊल टाकले की मागांची खटखट इतकी मोठी असते की शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही. मागावर उभे धागे ताणून बसवलेले असतात. त्यांना ताणा म्हणतात. धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे धावतो आणि आडवा धागा टाकतो. त्याला बाणा म्हणतात. ताणा आणि बाणा एकमेकांत गुंफले गेले की कापड तयार होते.

साध्या यंत्रमागावर ताण्याचा एखादा धागा तुटला, तरी माग आपोआप थांबत नाही. तो चालूच राहतो आणि कापडात एक उभी रेघ पडत जाते. कारागिराची नजर वेळेवर गेली, तर तो माग थांबवतो, धाग्याला गाठ मारतो आणि माग पुन्हा सुरू करतो. नजर चुकली, तर कापड खराब होते. एका कारागिराकडे पुष्कळदा चार-सहा माग असतात. पण त्याचे काम एकच असते. तुटलेला धागा ओळखायचा आणि जोडायचा. त्याची नजर सगळीकडे फिरते, लक्ष मात्र एकाच कामात असते.

आपण पुस्तक वाचतो किंवा गणित सोडवतो, तेव्हा आपल्या मनातही असेच कापड विणले जात असते. पहिल्या वाक्याचा धागा दुसऱ्या वाक्याला जोडला जातो. गणिताची पहिली पायरी ध्यानात असते, म्हणून दुसरी सुचते. एवढ्यात मोबाइल वाजतो. कोणाचा तरी निरोप आलेला असतो. आपण तो पाहतो आणि पुन्हा पुस्तकाकडे वळतो. डोळे ओळींवरून पुढे सरकत राहतात. पान संपते, पण काय वाचले ते काही केल्या आठवत नाही. माग चालूच होता, धागा मात्र केव्हाच तुटला होता.

"निरोप पाहायला एक मिनिट तर लागते! एका मिनिटाने काय बिघडते?" असे तुम्ही म्हणाल. सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी या प्रश्नाचा अभ्यास केला. २००९ साली त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक काम अर्धवट टाकून माणूस दुसऱ्या कामाकडे वळला, तर त्याच्या मनाचा काही भाग पहिल्याच कामात रेंगाळत राहतो. त्यामुळे दुसरे काम तो नीट करू शकत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे निरोप पाहण्यात एक मिनिटच जाते, हे खरे. पण पुस्तकाकडे परतल्यावरही मन त्या निरोपातच घोटाळत असते. खरे नुकसान त्या मिनिटानंतर सुरू होते.

मोठ्या माणसांची गोष्टही काही वेगळी नाही. आज पुष्कळ लोकांचे काम संगणकासमोर बसून चालते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्राध्यापक ग्लोरिया मार्क यांनी अशा लोकांचे अनेक वर्षे निरीक्षण केले. माणूस पडद्यावरील एका गोष्टीवर सरासरी किती वेळ टिकतो, हे त्यांनी मोजले. २००४ साली हा वेळ सुमारे अडीच मिनिटे होता. २०१२ साली तो ७५ सेकंदांवर आला. त्यानंतरच्या काही वर्षांत तो सुमारे ४७ सेकंद इतकाच उरला. विचार करा, ४७ सेकंदांत कोणते मोठे काम होणार? दिवसभर हात चालतात, डोळे थकतात, पण संध्याकाळी माणसाला वाटते की आज आपले एकही काम पुरे झाले नाही.

असे का होते? आपण सगळेच आळशी झालो आहोत का? नाही. यामागे एक कारण आहे, ते समजून घेतले पाहिजे.

वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. पुस्तकालाही शेवट असतो. पान संपले की आपण क्षणभर थांबतो आणि आता पुढे वाचावे की उठावे, हे ठरवतो. पूर्वी संगणकावरही पान संपले की पुढच्या पानासाठी बटण दाबावे लागत असे. २००६ साली अमेरिकेतील एझा रास्किन या तरुणाने नवी रचना तयार केली. तिच्यात पान संपतच नाही. बोट वर सरकवत जावे आणि खालून नवा मजकूर येत राहावा, अशी ती सोय होती. वाचणाऱ्याचे श्रम वाचावेत, हा त्यामागचा हेतू होता. पण शेवट नाहीसा झाला, तसा थांबून विचार करण्याचा क्षणही नाहीसा झाला. लोक तासन् तास बोट सरकवत बसू लागले. पुढे स्वतः रास्किन यांनीच याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

या कंपन्या आपल्याकडून बहुधा पैसे घेत नाहीत. त्यांची कमाई जाहिरातींवर होते. आपण जितका जास्त वेळ पडद्यासमोर बसू, तितक्या जास्त जाहिराती त्या दाखवू शकतात. व्यापारी धान्य विकतो, कापड विकतो. येथे जो माल विकला जातो, तो म्हणजे आपले लक्ष! ते आपल्याकडून काढून घेण्यासाठी हुशार माणसे रात्रंदिवस खपत असतात. तेव्हा मोबाइल हातातून सुटत नाही, यात सारा दोष मुलाचा नसतो. पण परीक्षेत धडा आठवला नाही, तर नुकसान मात्र त्या मुलाचेच होते.

मग उपाय काय? सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. वस्ती सुमारे तीन हजारांची. शेतकरी आणि साखर कारखान्यात काम करणारी माणसे येथे राहतात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि मोबाइलवर शिकवणे सुरू झाले. ज्या हातांत पाटी-पुस्तक होते, त्या हातांत मोबाइल आला. पुढे शाळा उघडल्या, पण मुलांच्या हातातला मोबाइल काही सुटला नाही. मुले वर्गात येत, पण त्यांचे मन अभ्यासात लागत नसे. घरी मोठी माणसेही टी.व्ही. किंवा मोबाइलमध्ये गुंतलेली असत. एका घरात राहून माणसे एकमेकांशी बोलेनाशी झाली.

सरपंच विजय मोहिते यांनी गावापुढे एक कल्पना मांडली. रोज सायंकाळी ठरावीक वेळ सर्वांनी टी.व्ही. आणि मोबाइल बंद ठेवावा! सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. हे कसे शक्य आहे, असे त्यांना वाटले. मग गावातील स्त्रियांना एकत्र बोलावण्यात आले. आपला फार वेळ मालिका पाहण्यात जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि कल्पनेला पाठिंबा दिला. १४ ऑगस्ट २०२२ रोजी ग्रामसभेत निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे स्वातंत्र्यदिनापासून, त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरी टी.व्ही. आणि मोबाइल बंद. साडेआठ वाजता पुन्हा भोंगा वाजे, मग ज्याला हवे त्याने ते सुरू करावेत. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, लिहावे, एकमेकांशी बोलावे, असे ठरले होते. पहिल्या काही दिवसांत आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना आठवण करून देत. हळूहळू गावाला सवय लागली. या गावाची बातमी देशात आणि परदेशातही पोहोचली.

या गावाने काय केले, ते नीट पाहा. त्याने मोबाइल फोडले नाहीत, की त्यांच्यावर कायमची बंदी घातली नाही. दिवसाच्या चोवीस तासांपैकी दीड तासाला कुंपण घातले. शेतकरी पिकाभोवती कुंपण घालतो, कारण मोकळ्या शेतात गुरे शिरणारच. गुरांना रागावून पीक वाचत नाही. दुसरी गोष्ट अशी, की गावाने हा नियम केवळ मुलांसाठी केला नाही. वडिलांनी मोबाइल पाहत बसायचे आणि मुलाला "अभ्यास कर" म्हणायचे, हे तेथे चालणार नव्हते. सगळ्यांचा मोबाइल बंद असला की कोणालाच ते जड वाटत नाही. आपण एकटे काही गमावत आहोत, असे मुलालाही वाटत नाही.

तुमच्या गावात किंवा मोहल्ल्यात असा भोंगा नसेल. पण आपल्याला ही रीत अगदीच नवी नाही. मशिदीत पाऊल टाकण्यापूर्वी मोठी माणसे न विसरता मोबाइल बंद करतात. त्या दहा-पंधरा मिनिटांत कोणाचे दुकान बुडत नाही, की कोणाची नोकरी जात नाही. नमाजपूर्वी आपण नीयत करतो. आता काय करणार आहोत, हे मनाशी पक्के ठरवतो. अभ्यासाला बसतानाही असेच ठरवता येईल. "आता मी अर्धा तास भूगोलाचा हा एकच धडा वाचणार," असे स्वतःशी म्हणावे आणि मगच पुस्तक उघडावे.

यासाठी काही साध्या गोष्टी कराव्यात. अभ्यासाच्या वेळी मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. घर एका खोलीचे असेल, तर तो बंद करून कपाटात ठेवावा. समोर असलेली वस्तू मनाला बोलावत राहते. निरोप आल्याचे आवाज बंद करावेत. धडा मोबाइलवरच वाचायचा असेल, तर आधी तो वहीत उतरवून घ्यावा. अर्धा तास झाला की पुस्तक मिटून, काय वाचले ते आपल्या शब्दांत सांगून पाहावे. कोठे अडखळलो, तेथे धागा तुटला होता असे समजावे. तेवढा भाग पुन्हा वाचावा.

लक्ष केवळ परीक्षेसाठी राखायचे नसते. आपल्याकडील पुष्कळ घरांतील वडील आखाती देशांत नोकरी करतात. दिवसभर काम करून रात्री ते घरी फोन करतात. पडद्यावर मुलाचा चेहरा पाहून त्यांचा शीण जातो. अशा वेळी मुलगा "हो अब्बा, हो अब्बा" म्हणत असतो आणि त्याची नजर मात्र शेजारी चाललेल्या खेळाकडे असते. हजारो मैलांवरून वडिलांना ते दिसते. ते काही बोलत नाहीत. "बरं, अम्मीला दे फोन," एवढेच म्हणतात.

तोच मोबाइल हजारो मैलांवरच्या वडिलांना घरात आणतो, आणि तोच समोर बसलेल्या दादीला आपल्यापासून दूर नेतो. फरक मोबाइलमध्ये नसतो, आपल्या लक्षामध्ये असतो. आपण ज्याच्याकडे लक्ष देतो, त्याला आपल्या आयुष्याचा तेवढा तुकडा देतो. तो तुकडा परत मिळत नाही. म्हणून तो कोणाला द्यायचा, हे आपण स्वतः ठरवावे.

शब्दार्थ
लक्ष – तवज्जो, ध्यान
धोटा – कपडा बुनने की नाल
रेंगाळणे – अटका रहना, देर लगाना
निरीक्षण – मुशाहदा
खेद – अफसोस
भोंगा – भोंपू, सायरन
अंमलबजावणी – अमल में लाना
कुंपण – बाड़
शीण – थकान

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ताणा आणि बाणा म्हणजे काय?
(आ) मोहित्यांचे वडगाव कोणत्या जिल्ह्यात आहे?
(इ) भोंगा वाजल्यावर गावकरी काय करू लागले?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) यंत्रमागावरील कारागिराचे लक्ष एकाच कामात असते, असे लेखक का म्हणतो?
(आ) न संपणाऱ्या पानामुळे वाचणाऱ्याचे काय नुकसान झाले?
(इ) वडगावने हा नियम केवळ मुलांसाठी का केला नाही?

प्र. ३. वाक्यात उपयोग करा.
लक्ष उडणे, नजर चुकणे, कुंपण घालणे, पाठिंबा देणे.

उपक्रम : घरातील सर्वांशी बोलून रोजचा अर्धा तास ठरवा. त्या वेळेत सर्वांनी मोबाइल बंद ठेवावा. आठ दिवसांनी, त्या वेळेत काय काय केले ते मराठीत दहा ओळींत लिहा.