अट कोठे संपते? इंग्रजीतील संकेतार्थी शब्दांचा अभ्यास

स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी इंग्रजीच्या अभ्यासात शब्दसंग्रहाकडे पुष्कळ लक्ष देतात. परंतु वाक्यातील अट दर्शविणाऱ्या लहान शब्दांकडे त्यांचे दुर्लक्ष होते. कायदा, अर्थशास्त्र आणि प्रशासन या तिन्ही विषयांचे इंग्रजी मात्र याच शब्दांवर उभे असते.

रायपूरच्या समता कॉलोनीत आमच्या घरी सायंकाळी काही विद्यार्थी अभ्यासासाठी येतात. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि परीक्षेत इंग्रजी असा त्यांचा प्रवास आहे. मध्यंतरी सराव परीक्षेत एक प्रश्न होता : व्यक्तीच्या जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित माहिती किती कालावधीत दिली पाहिजे? एका हुशार विद्यार्थ्याने ‘३० दिवस’ असे उत्तर लिहिले. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ७ त्याने वाचले होते. पण ‘प्रोव्हायडेड दॅट’ या शब्दांपाशी तो थांबला होता. त्या शब्दांनंतर येणारी मुदत ४८ तासांची आहे. गेला तो एकच गुण. परंतु उद्या हाच विद्यार्थी जन माहिती अधिकारी झाला आणि कोठडीतील व्यक्तीविषयी तिच्या कुटुंबाने माहिती मागितली, तर या चुकीची किंमत वेगळी असेल.

मराठी आणि इंग्रजी : रचनेतील भेद

अशा चुकांचे मूळ अनेकदा दोन भाषांच्या रचनेत असते. मराठीत ‘जर’ गाळता येते, ‘तर’ सहसा गाळता येत नाही. ‘पाऊस वेळेवर आला तर रोवणी वेळेवर होईल’ हे वाक्य पूर्ण आहे. इंग्रजीत याच्या उलट प्रकार आहे. तेथे ‘इफ’ आवश्यक असते आणि ‘देन’ बहुधा अनावश्यक ठरते.

दुसरा भेद काळाचा आहे. भविष्यातील शक्यतेसाठी आपण ‘आला तर’ असे भूतकाळी रूप वापरतो. इंग्रजीत तेथे वर्तमानकाळ येतो : ‘इफ इट रेन्स’. ‘इफ इट विल रेन’ ही रचना अशा वाक्यात चुकीची आहे. ‘विल’ हे परिणामाच्या उपवाक्यात येते.

तिसरा भेद अधिक फसवा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते. ‘राज्यपुनर्रचना झाली नसती, तर ही शहरे एकाच राज्यात राहिली असती’ या वाक्यात मराठी ‘नसती’ आणि ‘असती’ अशी सारखी रूपे दोन्ही बाजूंना ठेवते. त्यामुळे विद्यार्थी इंग्रजीतही दोन्हीकडे ‘वुड हॅव’ लिहितात. प्रमाण इंग्रजीत अटीच्या बाजूला ‘हॅड’ आणि त्यापुढे क्रियापदाचे तिसरे रूप येते. ‘वुड हॅव’ केवळ परिणामाच्या बाजूला असते. कधी ‘इफ’ गाळून वाक्याचा आरंभच ‘हॅड’ने होतो. ते वाक्य प्रश्नार्थक नसून संकेतार्थी आहे, हे ओळखता आले पाहिजे.

‘अनलेस’ या शब्दाची अडचण नकाराची आहे. ‘जोपर्यंत तुम्ही अर्ज करत नाही, तोपर्यंत माहिती मिळणार नाही’ या मराठी वाक्यात दोन नकार आहेत. ‘अनलेस’च्या पोटात मात्र एक नकार आधीच आहे. म्हणून ‘अनलेस यू अप्लाय’ एवढेच पुरेसे आहे. तेथे ‘डू नॉट’ घातले की अर्थ उलटतो आणि अर्ज न करणाऱ्यालाच माहिती मिळेल, असे वाक्य तयार होते.

कायद्याच्या भाषेतील अटी

कायद्यातील अटदर्शक शब्दांचे कार्य चार प्रकारांत समजून घेता येईल.

पहिला शब्दप्रयोग ‘प्रोव्हायडेड दॅट’. व्यवहारात त्याचा अर्थ ‘या अटीवर की’ असा होतो. कायद्यात त्याने सुरू होणाऱ्या भागास परंतुक म्हणतात. परंतुक बहुधा आधीच्या नियमाला अपवाद जोडते किंवा त्यास मर्यादा घालते. वर उल्लेखिलेली ४८ तासांची मुदत परंतुकातच आहे.

दुसरा ‘सब्जेक्ट टु’, म्हणजे ‘च्या अधीन राहून’. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची तरतूद आहे. विकासखर्चाच्या निधीचे समन्यायी वाटप हा त्यातील एक विषय. पण हे वाटप संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन ठेवलेले आहे. समन्याय हा नियम, राज्याच्या एकूण गरजा ही त्याची मर्यादा. याच अनुच्छेदात राष्ट्रपतींच्या आदेशासंबंधी ‘शल’ नव्हे, तर ‘मे’ हा शब्द आहे. ‘शल’ सामान्यतः कर्तव्य सांगते, ‘मे’ अधिकार किंवा मुभा देते. संदर्भानुसार न्यायालये यापेक्षा वेगळा अर्थही लावतात. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. त्यांच्याविषयीच्या चर्चेचा अभ्यास करताना हे दोन्ही शब्द नजरेसमोर ठेवावेत.

तिसरा ‘नॉटविथस्टँडिंग’, म्हणजे ‘काहीही असले तरी’. ‘सब्जेक्ट टु’ आपल्या तरतुदीला दुसरीखाली ठेवते, तर ‘नॉटविथस्टँडिंग’ तिला दुसरीवर बसविते. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ८(१) ची सुरुवात याच शब्दाने होते आणि माहिती नाकारण्याची कारणे त्यात येतात. परंतु कलम ८(२) ची सुरुवातही याच शब्दाने होते. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ किंवा वरील अपवाद काहीही असले, तरी संरक्षित हितसंबंधांना होणाऱ्या हानीपेक्षा प्रकटनातील लोकहित मोठे असेल, तर प्राधिकरण माहिती देऊ शकते. एका शब्दाने बंद केलेले दार त्याच शब्दाने पुन्हा उघडता येते. मात्र उघडणाऱ्या वाक्यात ‘मे’ आणि ‘इफ’ हे दोन्ही शब्द आहेत, हे विसरू नये.

चौथा शब्द ‘व्हेअर’. तो वाचताच ‘जेथे’ हा अर्थ मनात येतो. कायद्यात तो पुष्कळदा ‘जर’ या अर्थाने येतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर रिझर्व्ह बँक अधिनियमात अशी तरतूद आली, की बँकेला चलनवाढीचे लक्ष्य गाठण्यात अपयश आल्यास तिने केंद्र सरकारला अहवाल द्यावा. तेथे ‘इफ’ नसून ‘व्हेअर’ आहे. सरासरी चलनवाढ सलग तीन तिमाहींत वरच्या मर्यादेबाहेर राहिल्याने २०२२ मध्ये ही अट प्रथमच प्रत्यक्षात आली.

अर्थशास्त्रातील न लिहिलेली अट

अर्थशास्त्रातील नियमांमागेही अशी अट असते. ‘किंमत वाढली की मागणी घटते’ या विधानापूर्वी ‘इतर परिस्थिती कायम राहिल्यास’ हे शब्द गृहीत असतात. सणासुदीला किंमत आणि खरेदी दोन्ही वाढली, म्हणून नियम खोटा ठरत नाही. त्याची अटच तेथे पूर्ण झालेली नसते.

अभ्यासाची पद्धत

इंग्रजी उतारा वाचताना पुढील क्रम उपयोगी पडेल. प्रथम अटीचा शब्द अधोरेखित करावा. अट कोठे संपते आणि परिणाम कोठे सुरू होतो, ते ठरवावे. परिणामात ‘शल’ आहे की ‘मे’, हे पाहावे. शेवटी ते वाक्य आपल्या भाषेत ‘जर–तर’ अशा रूपात मांडून नकारांची संख्या तपासावी.

त्या विद्यार्थ्याने आता कलम ७ स्वतःच्या मराठीत लिहून काढले आहे. परंतुकाशी तो थांबत नाही. अटीच्या पलीकडे एखाद्या नागरिकाचा हक्क असू शकतो, हे ध्यानात ठेवून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचण्याची सवय परीक्षेत गुण देईल. पुढे प्रशासनात तिचे मोल अधिक आहे.